इतर हक्कांचा रकाना

मुंबई इलाख्यात रयतवारी बसवताना इंग्रज सरकारपुढे मुख्य प्रश्न साऱ्याचा होता. जमीन कोण कसते, पेरणी कोण करते, खुरपणी कोणाच्या हाताने होते, याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते. ठरलेल्या हप्त्याला पैसे भरणारा एक जबाबदार माणूस हवा होता. प्रिंगल यांची पहिली जमाबंदी फसल्यावर १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. त्या अनुभवावर १८४७ चा संयुक्त अहवाल उभा राहिला आणि पुढे १८७९ चा जमीन महसूल कायदा आला. प्रत्येक सर्व्हे नंबराला सारा भरणारा खातेदार मिळाला. तो बहुधा घरातला कर्ता पुरुष असे. स्त्रीचे नाव लागायला कायद्याची मनाई नव्हती, पण ते लागण्याचे कारणही नव्हते. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, फेरफार आले, आणि त्यातून गावोगावच्या दप्तरात जो कागद घडत गेला तो आजचा सातबारा. महाराष्ट्रातल्या शेतकरी स्त्रियांच्या वाट्याला सरकारी धोरण कसे आले, हे पाहायचे तर या कागदाचे रकाने आधी वाचावे लागतात.

सातबारा हे दोन नमुने आहेत. गाव नमुना सातमध्ये जमिनीचा खातेदार आणि तिच्यावरचे बोजे. गाव नमुना बारामध्ये दरवर्षीची पिके. सातच्या उजव्या बाजूला 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. सोसायटीचे कर्ज, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट अशा गोष्टी तिथे नोंदवल्या जातात. बाप मेल्यावर वारस नोंद होई, तेव्हा थोरल्या मुलाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असे लिहीत आणि विधवा आई व बहिणी यांची नावे पुष्कळदा याच इतर हक्कांच्या रकान्यात, कर्जाच्या आणि वाटेच्या शेजारी जाऊन बसत. जुन्या बारामध्ये 'जमीन करणाऱ्याचे नाव' असाही रकाना होता. तलाठी त्यात 'खुद्द' लिही. खुद्द म्हणजे खातेदार. तो मुंबईच्या गिरणीत असला आणि शेत त्याची बायको पाहत असली, तरी खुद्द तोच. कोकणात आणि साताऱ्या-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात अशी शेते थोडीथोडकी नव्हती.

स्वातंत्र्यापूर्वी या चौकटीला एकदा बाहेरून धक्का बसला. १९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्क कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता वाटा दिला. परंतु १९३५ च्या भारत सरकार कायद्याप्रमाणे शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांचा विषय होता. त्यामुळे हा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, असे १९४१ मध्ये फेडरल न्यायालयाने ठरवले. घरातली भांडी आणि दागिने यांवर हक्क, शेतावर नाही, असा तो प्रकार. प्रांतांनी मागाहून वेगळे कायदे करून ही उणीव भरून काढली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला तिच्या मिळकतीची पूर्ण मालक केले, मुलीला बापाच्या स्वतंत्र मिळकतीत मुलाएवढा वाटा दिला. पण वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मुलग्यालाच ठेवला. शिवाय कलम ४(२) ने तुकडेबंदी, कमाल जमीनधारणा आणि कुळहक्काचा वारसा हे विषय या कायद्याच्या बाहेर काढले. शेतीच्या बाबतीत नेमके हेच विषय महत्त्वाचे होते.

कूळकायद्याकडे या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आणि त्यातला १ एप्रिल १९५७ चा 'कृषक दिन' हा महाराष्ट्रातल्या जमीनसुधारणेचा मानाचा टप्पा. कसेल त्याची जमीन, हे त्याचे तत्त्व. (मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कायदा आणि विदर्भाला १९५८ चा वेगळा कायदा लागू झाला.) कसणे कशाला म्हणायचे, हे कलम २(६) मध्ये सांगितले आहे : स्वतःच्या श्रमाने, किंवा कुटुंबातल्या कोणाही व्यक्तीच्या श्रमाने, किंवा देखरेखीखाली मजूर लावून. म्हणजे बायकोने केलेली लावणी आणि कापणी नवऱ्याच्या 'जातीने कसण्या'त जमा झाली आणि जमीन त्याच्या नावावर लागली. स्त्री या कायद्यात स्वतंत्रपणे दिसते ती दुसऱ्याच टोकाला, जमीनमालक विधवा म्हणून. तिने गडी लावून किंवा अगदी कुळाकडून जमीन कसवली तरी ती जातीने कसते असे मानावे, अशी सवलत कायद्याने अज्ञान मुले, अपंग आणि सैन्यातले जवान यांच्याबरोबर तिलाही दिली. अशा मालकिणीच्या जमिनीवर कृषक दिनही पुढे ढकलला गेला. ही सवलत दयाबुद्धीची होती आणि कित्येक विधवांची उपजीविका तिने वाचवली, हे खरे. पण सबंध कायद्यात स्त्री आहे ती असहाय मालकीण म्हणून. राबणारे कूळ म्हणून ती नाही. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने, विशेषतः १९७५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर, पती-पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले. बायकोच्या माहेरून आलेली जमीन नवऱ्याच्या जमिनीत मिळवून मर्यादा मोजली जाऊ लागली. जमीन काढून घेताना मात्र बाई मोजली गेली.

साठच्या दशकात धोरणाचा रोख जमिनीकडून उत्पादनाकडे वळला. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली आणि वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत ती गावोगाव पोचवण्यात आली. धान्य वाढले. ताट बुटके झाल्याने कडबा घटला, आणि गुरांच्या वैरणीची ओढाताण घरातल्या बायकांवर आली. बियाणे राखणे हे पूर्वापार बायकांचे काम होते : कणसे निवडायची, वाळवायची, राख लावून मडक्यात किंवा कणगीत ठेवायची. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, तेव्हा या ज्ञानाची शेताला गरज उरली नाही. नवे ज्ञान कृषी खात्याकडून आले आणि ते पुरुषांना सांगितले गेले. शेतकरी प्रशिक्षणात बायकांसाठी जे विषय असत ते स्वयंपाक, पोषण, शिवण असे घरकामाचे. खत आणि बियाण्यासाठी लागणारे कर्ज विकास सोसायटीतून मिळे. सोसायटीचे सभासद व्हायला सातबारा किंवा आठ-अ चा उतारा लागे. साखर कारखान्याचा शेअर घ्यायचा तर उसाखालची जमीन दाखवावी लागे. ग्रामीण महाराष्ट्रातली सहकाराची सगळी सत्ता या सभासद याद्यांवर उभी राहिली, हे लक्षात घेतले म्हणजे एका उताऱ्यावर नाव नसण्याची किंमत कळते.

या काळात एकच मोठी योजना अशी निघाली जिने उतारा मागितला नाही. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली. १९७२ च्या दुष्काळात तिला व्याप मिळाला; १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागेल त्याला काम, दाम कामाच्या मापावर, बाई-पुरुष असा भेद नाही. शेतमालकाकडे बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी देण्याचा रिवाज असताना ही गोष्ट लहान नव्हती. खडी फोडायला, नालाबांध आणि पाझर तलाव खोदायला आलेल्यांत बायका जवळपास निम्म्या असत. हजेरीपटावर त्यांचे स्वतःचे नाव लागे. कामे उशिरा निघत, मजुरी थकत असे, पाळणाघर पुष्कळदा कागदावरच राही. तरीही सरकारच्या वहीत शेतमजूर स्त्री प्रथमच स्वतःच्या हिशेबाने आली ती इथे. मग १९९० मध्ये याच रोजगार हमीला फळबाग लागवड जोडण्यात आली. खड्डे, रोपे आणि मजुरी यांचे अनुदान शेतकऱ्याला त्याच्या स्वतःच्या जमिनीवर मिळू लागले. आंबा, डाळिंब, मोसंबी, बोर यांच्या बागांनी राज्याचा नकाशा पालटला आणि ही योजना यशस्वी ठरली, यात वाद नाही. मात्र सार्वजनिक कामावर मजुरीचा हक्क देणारी योजना अर्ध्यावर आल्यावर खातेदाराची मत्ता वाढवणारी झाली. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईच्या नावाचा जो पैसा होता, त्यातला काही भाग आता तिच्या नवऱ्याच्या, किंवा ती ज्याच्याकडे मजुरीला जाते त्याच्या बागेत जिरू लागला.

शेतकरी स्त्रियांनी धोरणावर स्वतः बोलण्याचा प्रसंग आला तो सरकारच्या नव्हे, शेतकरी संघटनेच्या मांडवात. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले आणि लाखाहून अधिक बायका तिथे आल्या. संघटनेचे नेते शरद जोशी यांची मांडणी सरळ होती : शेतमालाला भाव मिळत नाही, ही तूट घरातल्या बाईच्या फुकट श्रमातून भरून निघते, म्हणून भावाचा प्रश्न हाच बाईचा प्रश्न. शहरी स्त्री-संघटनांना ही मांडणी अपुरी वाटली आणि त्यांचा आक्षेप निराधार नव्हता, कारण भाव वाढला तरी पट्टी कोणाच्या हातात पडणार, हा प्रश्न उरतोच. हमीभाव ठरवताना कुटुंबाचे श्रम 'ए-२ अधिक एफएल' या हिशेबात खर्च म्हणून धरले जातात; पैसे मात्र ज्याच्या खात्यावर माल गेला त्याला मिळतात. संघटनेलाही हे उमगले असावे, कारण पुढचे पाऊल जमिनीकडे पडले. १९८९ नंतर 'लक्ष्मीमुक्ती' हा कार्यक्रम निघाला. नवऱ्याने आपणहून काही जमीन बायकोच्या नावे करायची. ज्या गावात शंभर घरांनी असे केले ते लक्ष्मीमुक्ती गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचे नाव यात पहिल्यांदा घेतले जाते. कोर्टकज्जे नाहीत, वाटणी नाही. घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडायचे, अशी ती भाषा होती. पुरुषांच्या गळी उतरायला ती सोयीची होती, आणि दान म्हणून दिलेल्या गोष्टीला जी मर्यादा असते तीही तिला होती.

लक्ष्मीमुक्तीचा सरकारवर परिणाम झाला. १९९२ मध्ये महसूल खात्याने परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावरून त्याच्या हयातीत बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. यासाठी नोंदणीकृत दस्त लागत नाही. अर्ज तेवढा नवऱ्यानेच करायचा आहे. आणि महसुली नोंद ही साऱ्याच्या वसुलीसाठी असते, तिने मालकी ठरत नाही, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. ही योजना आजही चालू आहे. पण तलाठी कार्यालयात त्यासाठी रांग लागल्याचे कुठे दिसत नाही.

वारसा कायदा महाराष्ट्राने देशाच्या अकरा वर्षे आधी बदलला. २२ जून १९९४ पासून, म्हणजे राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर झाले त्याच दिवसापासून, मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हिस्सा मिळाला. अट एकच : त्या तारखेपूर्वी तिचे लग्न झालेले नसावे. एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी मे महिन्यात लग्न झालेली हिस्सेदार नाही आणि पुढच्या मे महिन्यातली आहे, असा हा भेद होता. केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने तो मिटवला आणि शेतजमिनीला बाहेर ठेवणारे कलम ४(२) देखील काढून टाकले. वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत का, हा घोळ आणखी पंधरा वर्षे चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अट नसल्याचे स्पष्ट केले.

कायदा असा पायरी-पायरीने पुढे गेला, त्याबरोबर गावात हक्कसोडपत्रेही वाढली. बाप वारल्यावर भाऊ बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बोलावतो आणि त्या वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क विनामोबदला सोडतात. माहेर तुटू नये, दिवाळीला आणि बाळंतपणाला दार उघडे असावे, ही त्यामागची समजूत सगळ्यांना ठाऊक आहे. कमी लोकांच्या लक्षात येते ते हे की रक्ताच्या नात्यातल्या अशा हक्कसोडीला राज्याने मुद्रांक शुल्क नाममात्र ठेवले आहे. जमीन घराबाहेर जाऊ नये म्हणून दिलेली ही सवलत प्रत्यक्षात बहुतेक एकाच दिशेने वापरली जाते. भावाने बहिणीच्या लाभात हक्क सोडल्याचे उदाहरण गावात विचारले तर लोक हसतात.

संयुक्त नाव सक्तीचे करता येते, हे एका कायद्याने दाखवले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ४(४) आहे. त्याप्रमाणे दावेदार विवाहित असेल तर हक्काचा दाखला पती-पत्नी दोघांच्या नावे निघतो. नंदुरबार, गडचिरोली, पालघर अशा आदिवासी जिल्ह्यांत ज्यांना असे दाखले मिळाले त्यांच्या घरात बाईचे नाव पहिल्या दिवसापासून कागदावर आले. त्यासाठी नवऱ्याने मन मोठे करण्याची गरज पडली नाही. महाराष्ट्रात खातेदारांच्या महसुली जमिनीबाबत अशी सक्ती करण्याचे धाडस कोणत्याही सरकारने केलेले नाही.

नाव नसण्याचा सर्वांत कठोर अर्थ विदर्भ आणि मराठवाड्यात कळला. शेतकरी आत्महत्यांनंतर कुटुंबाला १ लाख रुपये देण्याच्या योजनेत २००६ पासून प्रकरणे 'पात्र' आणि 'अपात्र' ठरू लागली. जमीन नावावर किंवा कुटुंबात असावी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे, ही मुख्य कसोटी. शेत करणाऱ्या बाईने आत्महत्या केली तर पोलिसांच्या कागदात व्यवसाय 'गृहिणी' लिहिला जाण्याची शक्यता अधिक. मग शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यात ती येतच नाही. मागे राहिलेल्या विधवांचे हाल वेगळे होते. कर्ज तिच्या दारी येई, जमीन सासऱ्याच्या किंवा दिरांच्या एकत्र नावावर राही. महिला किसान अधिकार मंचाने मराठवाडा आणि विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत ५०५ विधवांची पाहणी केली. २०१२ ते २०१८ या काळात विधवा झालेल्यांपैकी ४० टक्के स्त्रियांच्या नावावर त्या कसत असलेली जमीन तोवर झालेली नव्हती. घराचा हक्क मिळालेल्या ३५ टक्केच होत्या. या पाठपुराव्यातून जून २०१९ मध्ये राज्याने शासन निर्णय काढून अशा विधवांची वारस नोंद, शिधापत्रिका, मुलांचे शिक्षण यांबाबत जिल्हा प्रशासनाला सूचना दिल्या. शेतकऱ्याची विधवा ही स्वतः शेतकरी आहे, हे गृहीत धरणारा असा शासन निर्णय विरळाच.

कर्जमाफीत कुटुंबाची व्याख्या सरकारच्या तिजोरीप्रमाणे बदलत गेली. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत सुरुवातीला पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले आणि त्याला दीड लाखाची मर्यादा घातली; बायकोच्या नावावर वेगळे पीककर्ज असले तरी दोघांत मिळून तेवढेच. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेने २ लाखांपर्यंतच्या कर्जाला वैयक्तिक शेतकरी हा निकष लावला आणि ज्या बायकांच्या नावावर खाते होते त्यांना स्वतंत्र लाभ झाला. दोन वर्षांत एकच बाई आधी कुटुंबाचा भाग आणि मग शेतकरी ठरली.

केंद्राच्या पीएम-किसान योजनेतही कुटुंब हाच घटक राहिला. वर्षाला ६००० रुपये, जमीनधारक कुटुंबातल्या एकालाच. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन ज्याच्या नावावर तो लाभार्थी. नंतर नाव लागले तर लाभ नाही; अपवाद फक्त मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीचा. म्हणजे नवऱ्याने हयातीत बायकोला जमीन दिली तर ती या योजनेपुरती शेतकरी होत नाही, तो मेल्यावर होते. राज्याने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६००० रुपये त्याच याद्यांवर दिले. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. दरमहा १५०० रुपये, आणि पैसे थेट बाईच्या खात्यात. सुरुवातीला पाच एकरांहून अधिक जमीन असलेल्या कुटुंबांना वगळण्याची अट होती, ती काही दिवसांतच काढली. मात्र ज्या बाईला नमो योजनेचे पैसे स्वतःच्या नावाने मिळतात तिला लाडकी बहीण म्हणून ५०० रुपयेच मिळतात. स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या मोजक्या शेतकरी स्त्रियांना शेतकरीपणाची वजावट झालेली ही बहुधा पहिली योजना असावी.

शेतकरी म्हणजे कोण, याची व्याख्या उताऱ्यापासून सोडवण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने कसणारे, कुळे, मजूर, पशुपालक अशा सगळ्यांना त्या शब्दात घेतले. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्क विधेयक, २०११ हे खासगी विधेयक मांडले. त्यात जमीन नावावर असो वा नसो, शेतीकाम करणाऱ्या स्त्रीला ग्रामसभेच्या शिफारशीवरून शेतकरी असल्याचा दाखला द्यावा, अशी तरतूद होती. ते विधेयक त्यांच्या मुदतीबरोबर संपले. २०११ च्या जनगणनेत देशात ३.६ कोटी स्त्रिया शेतकरी आणि ६.१५ कोटी स्त्रिया शेतमजूर म्हणून नोंदल्या गेल्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण वहितीदारांत स्त्रिया १३.९६ टक्के आणि त्यांच्याकडचे क्षेत्र ११.७२ टक्के होते. पाच वर्षांपूर्वी वहितीदार स्त्रिया १२.७९ टक्के होत्या.

मराठवाड्यातल्या लागोपाठच्या दुष्काळांत काही बायकांनी धोरणाची वाट न पाहता दुसरी तोड काढली. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने त्यांनी घरातल्या पुरुषांकडून अर्धा किंवा एक एकर मागून घेतला आणि त्यात भाजी, डाळी, भरड धान्ये अशी खाण्याची पिके घेतली. ऊस आणि सोयाबीन नवऱ्याचे, हा एकर तिचा. उतारा बहुतेकींच्या नावावर झाला नाही, निर्णय मात्र हातात आला.

सातबारा आता संगणकावर आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर शेतकरी स्वतः करतो आणि मोबाइल बहुधा घरातल्या पुरुषाकडे असतो. २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो आधार क्रमांक आणि जमिनीचा अभिलेख जोडून मिळतो. ज्या स्त्रीचे नाव खातेदारांत नाही, तिला तो काढता येत नाही.